वैशाखातला माळ

इंग्रजी निसर्गकवितेचे अनुवाद शिकवताना ‘मेडो’ या शब्दापाशी दरवर्षी थांबावे लागते. अनुवादकाने तिथे बहुधा ‘कुरण’ लिहिलेले असते; अनुवादक थोडा हळवा असेल तर ‘हिरवळ’. दोन्ही शब्द पुरे पडत नाहीत. कुरण म्हणजे गुरांसाठी राखलेले गवत. त्या शब्दात मालकी आणि राखण आधी येते, गवत नंतर. शिवाय वर्तमानपत्रांनी ‘चराऊ कुरण’ हा शब्दप्रयोग इतका झिजवला आहे की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गवताऐवजी एखादे महामंडळ उभे राहते. हिरवळ ही तर पाणी घालून जोपासायची गोष्ट. आणि त्या ‘मेडो’मागे ‘समर’ हे विशेषण लागले की अडचण दुप्पट होते. तिकडचा उन्हाळा हा फुलांचा ऋतू. आपला उन्हाळा ‘उष्णकाल’ या शब्दातून झिजत आलेला. त्याच्या पोटातच ऊन आहे.

खरे तर उन्हाळ्यातल्या गवताळ जमिनीला मराठीत शब्द आहे. माळ. पण तो अनुवादात वापरायला कोणी धजत नाही, कारण ‘माळ’ म्हटल्यावर फुले डोळ्यांपुढे येत नाहीत. (‘ती माळ’ म्हटले की येतात, ‘तो माळ’ म्हटले की जातात, मराठीतल्या लिंगभेदाचे हे एक विचित्र उदाहरण.) आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले पहिले फुलांचे गवत हे बालकवींच्या ‘फुलराणी’तले, म्हणजे हिरवे, ओलसर, मखमली. ते पावसाळ्याचे गवत आहे आणि पावसाळ्याच्या बाबतीत खरेही आहे. आजही आपण फुले पाहायला जातो ते भाद्रपदात, कासच्या पठारावर. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही आले, आणि तेव्हापासून तिथली गर्दी आवरणे हेच एक काम होऊन बसले आहे. पाऊस संपला, फुले संपली, की पठार आणि माळ दोन्ही आपल्या दृष्टीने बंद. ते थेट पुढच्या मृगाला उघडतात.

कालिदासाने मात्र ‘ऋतुसंहारा’ची सुरुवात ग्रीष्माने केली आहे. एम.ए.च्या वर्गात हे सांगितले की विद्यार्थी चकित होतात. वसंताने सुरुवात झाली असेल असेच सगळ्यांना वाटलेले असते. त्या पहिल्या सर्गात उन्हाने हैराण झालेला साप मोराच्या पिसाऱ्याखाली सावलीला येतो, बेडूक नागाच्या फणीखाली बसतो. अतिशयोक्ती आहे, कविसंकेत आहे, हे सगळे मान्य. पण ग्रीष्म हा रिकामा ऋतू नाही, त्यात प्राणी आहेत, ते कुठे तरी बसलेले आहेत, सावली शोधत आहेत, हे त्याने पाहिले होते किंवा निदान पाहण्याजोगे मानले होते. माझे म्हणणे एवढेच आहे की माळ पाहायचा तर तो वैशाखातच पाहावा, आणि त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्यावरच्या वस्तूंची नावे विचारावीत.

मी ज्या माळाविषयी लिहिते आहे तो पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला, कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या मधल्या टापूत आहे. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे उरते ते या भागाच्या वाट्याला येते. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, मुरमावर वीतभर माती. कुठे तीही नाही. शेजारच्या शेतांत कालव्याचे पाणी आले आणि ऊस उभा राहिला. माळावर पाणी चढले नाही म्हणून तो माळ राहिला. सुप्याजवळ 1997 साली जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे 5.14 चौरस किलोमीटर, आणि ते चिंकाऱ्यांसाठी आहे. आमचा माळ मात्र अभयारण्यात नाही. तो गायरान आहे, म्हणजे सर्वांचा आणि म्हणून कोणाचाच नाही.

वैशाखात त्याच्याकडे रस्त्यावरून पाहिले तर जे दिसते त्याला मराठीत ठरलेली विशेषणे आहेत: ओसाड, उजाड, वैराण, बोडका. यांतले शेवटचे मला नेहमी टोचते. डोक्यावरचे केस काढलेल्या विधवेला ज्या शब्दाने हाक मारली जाई तोच शब्द आपण झाडे नसलेल्या जमिनीला लावला. म्हणजे झाडे ही जमिनीची शोभा, तिचे सौभाग्य. ती नसतील तर तिचे काहीतरी गेले आहे, कोणीतरी तिचे काहीतरी हिरावले आहे. जिच्या डोक्यावर ते केस मुळी उगवलेच नव्हते अशी जमीन असू शकते, ही शक्यता त्या विशेषणात बसत नाही.

जवळ गेल्यावर पहिली भेटते ती नेपती. पुरुषभर उंचीचे, काट्यांचे, हिरव्या काड्यांचे जाळे. पान औषधालाही नाही. चैत्र-वैशाखात या बिनपानांच्या काड्यांवर विटकरी लाल फुले येतात, इतकी की लांबून झुडूप पेटल्यासारखे दिसते. शिंजीर त्यात घुसलेला असतो. काटे त्याला लागत नाहीत कसे, हे मला अजून उमगलेले नाही. ही नेपती म्हणजे संस्कृतातला करीर. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो माहीत असतो, पण झुडूप म्हणून नव्हे, दृष्टांत म्हणून. भर्तृहरीच्या ‘नीतिशतका’त करीराला पाने नाहीत यात वसंताचा काय दोष, असा प्रश्न आहे, दिवसा न दिसणारे घुबड आणि चोचीत थेंब न पडणारा चातक हे त्याचे सोबती. ललाटीचे लिहिलेले पुसता येत नाही, हा तात्पर्यार्थ. वामनपंडिताने सतराव्या शतकात भर्तृहरीची शतके मराठीत आणली आणि करीराचे दुर्दैवही त्यांच्याबरोबर मराठीत आले.

आता नेपतीसमोर उभे राहून हा श्लोक आठवावा. कोवळ्या फुटीवर तिला इवलीशी पाने येतात आणि लवकरच गळतात. पानांचे काम हिरव्या काड्या करतात. पान म्हणजे पाणी उडून जाण्याचा पसारा. जिथे पाण्याचा प्रत्येक थेंब मोजायचा तिथे पाने न ठेवणे हे दारिद्र्य नव्हे, हिशेब आहे. वसंताने तिला काही नाकारलेले नाही. ती त्याच्याकडे पाने मागतच नाही, फुले मागते आणि ती त्याने भरभरून दिलेली असतात. भर्तृहरीने फुले पाहिली नव्हती का? पाहिली असतीलही. सुभाषिताला अभाव हवा होता म्हणून त्याने अभाव घेतला. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण एका सुभाषिताच्या बळावर शेकडो वर्षे एका झुडपाला कमनशिबी ठरवणाऱ्या परंपरेत मी शिकले आणि शिकवते आहे, हे नेपतीपाशी गेल्याखेरीज कळत नाही.

नेपतीच्या पलीकडे, जिथे मुरूम उघडा पडला आहे तिथे, जमिनीतून नुसते दांडे वर आलेले असतात. पान नाही, बुंधा नाही. काडी रोवून ठेवावी तसा हातभर दांडा आणि त्याच्या वरच्या भागावर खाली झुकलेली मळकट पांढरी-तपकिरी फुले. हा रानकांदा, काही जण कोळकांदा म्हणतात. कांदा खाली खोल असतो. गेल्या पावसाळ्यात साठवलेले तो भर उन्हात फुलांवर खर्च करतो, पाने पाऊस आल्यावर काढतो. देखणे फूल म्हणता येणार नाही. त्याचे छायाचित्र काढून कोणाला पाठवले तर ‘हे काय?’ एवढेच उत्तर येते. उताराला बारतोंडीची दोन-तीन झाडे आहेत, त्यांची पांढरी फुले मात्र सुगंधी असतात आणि वास वाऱ्याच्या दिशेने बराच लांब येतो. रुई तर बारमाही. तिला काही सांगावे लागत नाही, शनिवारी मारुतीसाठी लोक येतात आणि पाने तोडून नेतात. त्याच पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या वाढतात आणि त्यांची केशरी फुलपाखरे होतात. कधीमधी तरवडाला एखादा पिवळा घोस असतो.

आणि सगळीकडे गवत. वाळलेले, पिवळे, काही ठिकाणी करडे, वाऱ्यात सळसळणारे. मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी. वाळलेल्या गवताला आपण मेलेले गवत म्हणतो, पण ही बहुतेक बहुवर्षायू गवते. वरचे पाते वाळते, खाली ठोंब जिवंत असतो. कुसळीचे कुसळ हे तर एक यंत्रच आहे. दमट हवेत त्याचा पीळ उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा वळतो, आणि या वळण्या-उलगडण्यात टोकाचे बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखे खुपसून घेते. साडीच्या काठात अडकलेले कुसळ घरी आल्यावर ओल्या बोटांनी धरले तर ते हातात फिरताना दिसते. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ’ आपल्याला ठाऊक आहे; हे चालणारे कुसळ फारसे कोणी पाहत नाही.

फुलांइतकीच गंमत पक्ष्यांची. हिवाळ्यात या माळावर भोवत्या येतात, उत्तरेकडून आलेले, गवतावरून खालून तरंगत जाणारे शिकारी पक्षी. वैशाखापर्यंत ते गेलेले असतात. उरतात ते इथलेच, आणि त्यांचा हा विणीचा हंगाम असतो. डोंबारी हा चिमणीएवढा चंडोल. नराचे पोट काळे, माथा राखी. तो सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीपासून काही हातांवर पुन्हा सावरतो, परत चढतो, आणि हे सगळे एक लांब शीळ घालत. गावात दोरीवरून चालणारे डोंबारी ज्यांनी पाहिले आहेत त्यांनाच हे नाव सुचले असणार. धाविक पक्षी उडण्यापेक्षा धावणे पसंत करतो; दहा-पंधरा पावले पळतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यामागून काळी-पांढरी रेघ. तो थांबला की दिसत नाही. सकाळी ठरलेल्या वेळी पखुर्ड्यांचे थवे तळ्याकडे जातात. पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी पिसांतून वाहून नेऊन पिलांना पाजतो. पिले ती पिसे चोखतात.

माळटिटवीचे एक घरटे मला दाखवले ते एका मेंढपाळाने. घरटे हा शब्दही मोठाच झाला. मुरमात एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि खड्यांच्याच रंगाची चार अंडी. कोकणातून नुकताच परतलेला वाडा माळाच्या कडेला उतरला होता. मी नेपतीकडे निघाले होते, तेवढ्यात मागून हाक आली.

“ताई, तिकडनं जाऊ नका. अंडी हायती.”

“कुणाची हो मामा?”

“टिटवीची. मेंढरंबी बाजूनं घातली आम्ही.” मग आपणहून म्हणाले, “औंदा खोलगट जागंत घातल्यात. पाऊस मागनं हाय.”

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर कमी, हा ठोकताळा महाराष्ट्रभर आहे. त्या वर्षी तो खरा ठरला की नाही हे मी नोंदवून ठेवले नाही, कारण मला त्यात रस नव्हता. मला रस होता तो मेंढरे बाजूने घालण्यात. शंभर-दीडशे मेंढरांचा कळप चार अंड्यांसाठी वळवणारा माणूस त्या जमिनीला ओसाड म्हणत नव्हता. त्याला ती अंडी दिसली होती, मला त्यांच्यापासून पाच पावलांवर उभी असून दिसत नव्हती.

दुपारी बाराच्या उन्हात मुरूम हाताला भाजतो. अशा वेळी पक्षीण अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. मध्येच उठून पाण्यावर जाते, पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. पंचतंत्रातल्या टिटवीने अंड्यांसाठी समुद्राशी वैर घेतले, आणि आपण ती गोष्ट क्षुद्राच्या जिद्दीची म्हणून मुलांना सांगतो. माळावरच्या टिटवीचा समुद्र म्हणजे हे ऊन.

माळावरच्या एका प्राण्याचे नाव मराठीतून विज्ञानात गेले आहे, आणि ते मराठीच्या फार थोड्या प्राध्यापकांना ठाऊक असेल. उन्हाळ्यात दगडांवर चढून बसणारा, गळ्याखाली घडीचा पंखा असलेला एक लहान सरडा असतो. एरवी मातीच्या रंगाचा. पण विणीच्या दिवसांत नर दगडावर उभा राहून तो पंखा उघडतो आणि निळा, काळा, नारिंगी असे रंग क्षणभर दिसून मिटतात. पुन्हा उघडतो. मादी पाहत असते किंवा नसते. 2016 साली संशोधकांनी या सरड्यांच्या काही जातींसाठी नवी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिले ‘सरडा’. लॅटिन वळणाच्या नामावलीत सरळ मराठी शब्द जाऊन बसला. त्यांतल्या एका जातीचे नाव ‘सरडा सुपर्बा’. ती साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आढळते.

चाळकेवाडी आमच्या माळाहून पश्चिमेला, घाटमाथ्यावर. तिथला पाऊस वेगळा, कातळ वेगळा. पण उन्हाळ्यात तेही पठार बोडकेच म्हटले जाते आणि म्हणूनच तिथे पवनचक्क्या आल्या: मोकळा वारा, मोकळी जागा, अडथळा कशाचाच नाही. 2018 साली मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या परिसरात शिकारी कमी झाल्यामुळे सरडे वाढले, त्यांच्यातला भीतीचा ताण कमी झाला, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. इथवर वाचून बरे वाटते. पण वाढलेल्या गर्दीत खाणे वाटले गेल्याने ते हडकुळे झाले आणि गळ्याच्या पंख्यावरचे रंग फिके पडले.

वीज नको असे मी म्हणू शकत नाही. हा मजकूर मी विजेवरच लिहिते आहे. पण ‘तिथे काहीच नाही’ असे समजून जिथे आपण काही उभारतो, तिथे आधी काय होते हे एका सरड्याच्या गळ्यावरून कळावे, हे मला विलक्षण वाटते. कवितेच्या वर्गात आम्ही अशा तपशिलाला प्रतिमा म्हणतो. इथे तो मोजमापातून आला आहे.

आपल्या निसर्गलेखनाने माळाकडे किती पाहिले? मारुती चितमपल्ली सोलापूरचे, 1932 सालचा जन्म. म्हणजे माळाच्या ऐन मध्यातले. 2006 साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, 2025 साली त्यांचे निधन झाले. त्यांनी मराठीला पक्ष्यांची आणि झाडांची नावे दिली, ‘पक्षीकोश’ दिला. वर मी वापरलेली नावे ज्या शोधातून आपल्यापर्यंत पोचली त्या शोधाला त्यांचे आयुष्य लागले आहे. पण त्यांच्या लेखनातली भूमी प्रामुख्याने विदर्भाच्या जंगलांची, नवेगावच्या तळ्याची. नोकरी वनखात्याची होती, आणि खात्याचे नावच वन. व्यंकटेश माडगूळकर माणदेशी माळाचे खरे लेखक. ‘बनगरवाडी’ (1955) माळाखेरीज उभीच राहत नाही. तरी निसर्गावर स्वतंत्र पुस्तक लिहायचे ठरवल्यावर तेही नागझिऱ्याला गेले. जंगलात जावे लागते, माळ वाटेत लागतो. वाटेत लागणाऱ्या गोष्टीवर पुस्तक लिहिण्याची आपल्याकडे रीत नाही. दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ हा अपवाद एका अर्थाने मोठा आहे, कारण त्यांनी ग्रीष्माच्या महिन्यांनाही त्यांचा पूर्ण वाटा दिला. पण त्यांची नजर झाडांवर अधिक रमते. (आणि ‘रान’ या शब्दाचे काय करावे? देशावर ‘रानात गेलोय’ म्हणजे शेतात. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ जंगलाच्या आहेत असे समजून उत्तरपत्रिका लिहिणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी निघतो.)

सरकारी पातळीवर माळाचे नशीब काही काळ एका पक्ष्याने उघडले. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून 1979 साली माळढोक अभयारण्य झाले. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोक त्या पक्ष्यावर चिडले. त्यांची चीड समजण्यासारखी होती. पुढे ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला झाडी नको असते, लांबवर दिसणारे गवत हवे असते. नान्नजच्या त्याच्या माळावर माणसांनी चांगल्या हेतूने काही ठिकाणी गिरिपुष्पासारखी झाडे लावली. आता महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. कारणे अनेक आहेत, झाडे हे त्यांतले एक.

आणि इथेच मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचा संबंध येतो, हे मला 2025 साली कळले. माळ म्हणजे तोडून उजाड झालेले जंगल, ही समजूत वनखात्यात, शाळेच्या पुस्तकात आणि आपल्या डोक्यात सारखीच मुरलेली आहे. तिच्याविरुद्ध पुरावा कुठून आणायचा? आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तो जुन्या मराठी वाङ्मयातून आणला. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोककथा, ओव्या, संतचरित्रे, जुन्या रचना यांत कोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात याची त्यांनी मोजदाद केली. 44 वनस्पती निघाल्या. त्यांतल्या 27 माळरानाच्या, 14 कुठेही वाढणाऱ्या, आणि दाट वनाच्या फक्त 3. निदान साडेसातशे वर्षे इथे माळ होता, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे त्याचे केस कोणी काढले नव्हते.

हे वाचून मला आनंद झाला आणि थोडी चुटपुटही लागली. आनंद याचा की आपण जे वाचतो ते पुरावा ठरते. चुटपुट याची की महानुभाव गद्य, धनगरी ओव्या, स्थलपुराणे हे सगळे आमच्या अभ्यासक्रमात असूनही त्यांतली झाडे मोजावीत असे मराठी विभागांना सुचले नाही. ओवीत बाभूळ आली की आम्ही ‘ग्रामीण परिसराचे चित्रण’ असे लिहून पुढे जातो. धनगरांच्या देवतांवर आणि ओव्यांवर आयुष्य घालवणारा विद्वान, गुंथर सोंथायमर, जर्मनीहून आला होता. त्यातही आपण काही बोध घेतला असे दिसत नाही.

सातबाऱ्यावर माळाला वेगळाच शब्द आहे: पोटखराबा. लागवडीला अयोग्य असे क्षेत्र. महसुलाच्या हिशेबात तो शब्द चोख आहे, जिथे पीक नाही तिथे सारा कसला. दिल्लीच्या पातळीवर याच वृत्तीचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 सालापासून निघतो, आणि गवताळ जमिनीचा मोठा हिस्सा त्यात पडीक म्हणून रंगवला जातो. एकदा जमीन खराब ठरली की ती सुधारणे हे पुण्यकर्म होते. 2016 साली राज्यात एका दिवसात 2 कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला. पुढच्या तीन वर्षांत 4, 13 आणि 33 कोटी अशी उद्दिष्टे चढत गेली. एवढ्या झाडांना जागा कुठली? शेतात कोणी लावू देत नाही, गावठाणात जागा नाही. माळ मोकळा असतो.

आमच्या माळावर गेल्या वर्षी ऐन वैशाखात यंत्र आले. कोणत्या योजनेतून आले याची गावात तीन उत्तरे मिळाली. चार दिवसांत उताराला आडवे चर झाले, वरच्या सपाटीवर ओळीने खड्डे. मी गेले तेव्हा डोंबारी होता, वर चढून खाली येत होता; मातीच्या ढिगांवर सरडे बसले होते, त्यांना उंच जागा मिळाली होती. नेपतीचे एक बेट यंत्राने ओढून बाजूला टाकले होते आणि त्यावरची फुले अजून सुकली नव्हती. टिटवीच्या जागेत खड्डा होता की खड्डे तिच्या जागेच्या बाजूने गेले होते, हे मला ठरवता आले नाही. खुणेची नेपतीच जागेवर नव्हती. दोन टिटव्या मात्र बराच वेळ डोक्यावर ओरडत राहिल्या, आणि टिटवी अशी ओरडते ती अंडी किंवा पिले जवळ असली तर.

पावसाळ्यात खड्ड्यांत रोपे आली, त्यांतली काही जगली आहेत. चरांमुळे पाणी मुरले असे काही जण सांगतात, तेही खोटे नसेल. वरची सपाटी अजून अर्धी मोकळी आहे. यंदाही नेपती तिथे फुलली, पखुर्ड्या ठरलेल्या वेळी गेल्या; वाडा उतरला, पण कळप आता चरांना वळसा घालून जातो.

यंदाच्या सुट्टीत मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक काम दिले: आपापल्या गावच्या माळावर वैशाखात काय उगवते, काय उडते, काय पळते, त्यांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा. लॅटिन नको, पुस्तकातले नको. वह्या आल्या आहेत, त्या मी सध्या वाचते आहे. एकाच गवताला शेजारच्या तीन गावांत तीन नावे आहेत. खोकडाला एकाने कोल्हा म्हटले म्हणून त्याच्या आजोबांनी केलेली शिवी त्याने प्रामाणिकपणे वहीत उतरवली आहे. लांडग्याचे नाव बरेच जण घेत नाहीत, दुसराच शब्द वापरतात. फलटणकडच्या एका मुलीने वळवाच्या सरीनंतर मुरमातून थेट वर येणाऱ्या, सहा पाकळ्यांच्या एका पांढऱ्या फुलाचे पेन्सिलीने चित्र काढले आहे आणि नावाची जागा कोरी सोडली आहे. खाली आजीचे उत्तर लिहिले आहे: “त्याला कशाला पायजे नाव, सर पडली की दुसऱ्या दिशी येतंयच की ते.”